डीपीचा षड्ज

गिटारवर लीड वाजवायला निघालेल्या प्रत्येकासमोर कधी ना कधी सात मोडची नावं येऊन उभी राहतात. आयोनियन, डोरियन, फ्रिजियन, लिडियन, मिक्सोलिडियन, एओलियन, लोक्रियन. पुस्तकात, क्लासमध्ये, मोबाइलवरच्या व्हिडिओत ती बहुतेक एकाच पद्धतीने समजावतात. सी मेजर स्केल घ्या. सीपासून सुरुवात केली की आयोनियन, डीपासून केली की डोरियन, ईपासून फ्रिजियन, असं करत बीपर्यंत जा. सोबत फ्रेटबोर्डवरच्या ठिपक्यांचे सात नकाशे असतात. यातलं एक अक्षरही खोटं नाही. तरीही ते नकाशे तोंडपाठ असलेल्या मुलाला ‘डोरियनमध्ये जरा वाजव’ असं म्हटलं, तर नव्वद टक्के वेळा सी मेजरच ऐकू येतो, फक्त डीपासून निघालेला.

नगरच्या नागापूर एमआयडीसीत मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन म्हणून नोकरी, सुटीच्या दिवशी ऑर्केस्ट्रा आणि रविवारी सकाळी चर्चची उपासना, अशी माझी बरीच वर्षं गेली. गिटार या तिन्हींच्या मधल्या वेळात वाढली. मोड हा षड्जाशी असलेल्या नात्यातून तयार होतो आणि ते नातं कानाला कळल्याशिवाय बोटांना कळत नाही, हे मला त्या वर्षांनी शिकवलं. कोणत्याही एका गुरूने ते एका दिवसात सांगितलेलं नाही. ते तुकड्यातुकड्याने आलं. पहिला तुकडा तर विजेच्या डीपीकडून आला.

नोकरीच्या सुरुवातीला मी नागापुरात सीना नदीच्या बाजूला भाड्याच्या खोलीत राहत होतो. खिडकीच्या मागेच डीपी, म्हणजे गल्लीला वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर. दिवसा मनमाड रोडच्या ट्रकांमुळे तिचा आवाज जाणवत नसे, पण सेकंड शिफ्ट करून रात्री घरी आलो की तो एकसारखा घुमत असायचा. ट्रान्सफॉर्मर का घुमतो हे मला कामामुळे ठाऊक होतं. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातल्या पोलादी पट्ट्या प्रत्येक आवर्तनात दोनदा अगदी सूक्ष्म ताणल्या जातात, म्हणून आवाज निघतो तो १०० हर्ट्झचा. लोड असो वा नसो, लाइन चालू आहे तोवर तो निघतच राहतो.

गिटारच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटला जी वाजतो, पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी पाच. तो ९८ हर्ट्झचा. डीपी त्याच्यापेक्षा जेमतेम वर. खुंट्या किंचित ताणल्या की गिटार डीपीला लागायची. आणि डीपीतून एकच स्वर येत नाही. १०० बरोबर २०० येतो, तो वरचा षड्ज, आणि ३०० येतो, तो त्याच्या वरचा पंचम. म्हणजे सा आणि प, दोन्ही मिळाले. तानपुरा विकत घेण्याची ऐपत नव्हती त्या काळात मला तानपुरा फुकट मिळाला होता. तेव्हा संध्याकाळी राज्यभर लोड वाढला की ग्रिडची फ्रिक्वेन्सी ४९ च्या आसपास घसरायची, मग डीपी ९८ वर यायची आणि खुंट्यांना हात न लावताही सूर जुळायचा. आता ग्रिड ५० च्या अगदी जवळ धरून ठेवतात. वीजवाला म्हणून मला त्याचा आनंद आहे.

त्या घुमण्यावर मी सी मेजरचे नकाशे वाजवायला घेतले आणि ते निरुपयोगी ठरले. डीपी जीवरून हलायला तयार नाही, त्यामुळे ‘आता डीपासून, आता ईपासून’ हा खेळच संपला. षड्ज कायम जी. मग मोड बदलायचा तर स्वर बदलायला हवेत. जीवरचं साधं मेजर स्केल घेतलं, सगळे स्वर शुद्ध. त्यातला एकच स्वर, निषाद, कोमल केला तर मिक्सोलिडियन. आणखी गंधार कोमल केला तर डोरियन. मग धैवत कोमल केला की एओलियन, रिषभही कोमल केला की फ्रिजियन. उलट्या बाजूला, शुद्ध स्केलमधला मध्यम तीव्र केला की लिडियन. लिडियनपासून फ्रिजियनपर्यंत एकेक स्वर खाली उतरत जातो, एका वेळी एकच, आणि प्रत्येक उतरणीबरोबर उजेड थोडा कमी होत जातो. फ्रिजियननंतर आणखी एक पायरी म्हणजे पंचम कोमल, म्हणजे लोक्रियन. पण डीपीतून शुद्ध पंचम ऐकू येत असताना कोमल पंचम वाजवला की अंगावर काटा येतो. लोक्रियनवर ठरून राहणारी गाणी इतकी कमी का, हे मला कोणी सांगावं लागलं नाही.

त्या रात्रींमध्ये मी एका स्वराला अनेक दिवस दिले. नुसता कोमल गंधार. षड्जावरून तिथे जायचं, थांबायचं, परत यायचं. मग त्यावर शुद्ध धैवत. डोरियनची ओळख त्या शुद्ध धैवतात आहे. कोमल गंधारामुळे आलेल्या हळवेपणात तो धैवत एक खिडकी उघडतो. एओलियनमध्ये तीच खिडकी बंद असते. हे वाक्य मी आज सहज लिहितो, पण ते कानात बसायला एक अख्खा हिवाळा गेला.

पुढे कळलं की आपल्याकडे हे काम पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी आधीच मांडून ठेवलंय. भातखंडे (१८६०–१९३६) मुंबईचे, वकिलीचं शिक्षण घेतलेले. त्यांनी ‘हिंदुस्तानी संगीत पद्धती’ मराठीत लिहिली आणि रागांची दहा थाटांत वाटणी केली. त्यांतले सहा म्हणजे गिटारवाल्यांचे सहा मोडच: कल्याण हा लिडियन, बिलावल आयोनियन, खमाज मिक्सोलिडियन, काफी डोरियन, आसावरी एओलियन, भैरवी फ्रिजियन. दहाही थाटांत पंचम शुद्ध आहे, त्यामुळे लोक्रियनला तिथे जागा नाही. उरलेले चार, भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी, सात मोडच्या यादीत कुठेच बसत नाहीत. मराठी घरात वाढलेल्या मुलाने भैरवी आणि कल्याण थाटातला यमन लहानपणापासून कानावरून जाऊ दिलेले असतात. त्याला लिडियन परका वाटावा याचं मला वाईट वाटतं. तो त्याच्या घरात आहे, फक्त दुसऱ्या नावाने.

सी मेजरचा नकाशा मात्र टाकून द्यायचा नाही. स्वर तेच ठेवून षड्ज हलवणं ही आपली मूर्च्छना. भूप घ्या: सा रे ग प ध. त्याच पाच स्वरांत रिषभाला षड्ज मानलं तर मध्यमाद सारंग, गंधाराला मानलं तर मालकंस, पंचमाला मानलं तर दुर्गा, धैवताला मानलं तर धानी. गिटार शिकणारा पहिल्या महिन्यात जो मायनर पेंटाटोनिकचा बॉक्स शिकतो, तो धानीच आहे. गल्ली तीच आणि घरंही तीच, पण कोणाच्या उंबऱ्यावर उभं राहून बघता त्यावर सगळं चित्र ठरतं. नकाशा गल्ली दाखवतो, उंबरा दाखवत नाही.

यातून सोलोसाठी एक फार उपयोगी गोष्ट हाती लागली. मायनर गाण्यात मी धानीचे पाच स्वर हाडांसारखे धरतो: सा, कोमल ग, म, प, कोमल नि. हे पाच डोरियनमध्ये आहेत, एओलियनमध्ये आहेत, फ्रिजियनमध्येही आहेत. राहतात दोनच, रिषभ आणि धैवत. दोन्ही शुद्ध घेतले तर काफी, धैवत कोमल केला तर आसावरी, दोन्ही कोमल केले तर भैरवी. म्हणजे अनोळखी गाण्यात सोलो आला की मला सात स्वरांची चिंता नसते, दोन दारांचीच असते. ती कुठली उघडी आहेत ते साथीची कॉर्ड सांगते. ए मायनरच्या गाण्यात डीची मेजर कॉर्ड आली की त्यात एफ शार्प आहे, म्हणजे धैवत शुद्ध. सान्तानाने १९७० मध्ये ध्वनिमुद्रित केलेलं ‘ओये कोमो वा’ ए मायनर आणि डी अशा दोनच कॉर्डवर फिरतं, म्हणून तो सोलो डोरियनमध्ये न्हाऊन निघतो. त्याऐवजी ए मायनरला एफची कॉर्ड जोडलेली असली तर धैवत कोमल, आणि डोरियन वाजवला की कोणाच्याही कानाला खुपतं. स्टेजवर मी या एका कॉर्डची वाट बघतो. ती येईपर्यंत पाचच स्वर वाजवतो.

आता ऑर्केस्ट्राकडे येतो, कारण स्वर बरोबर असणं आणि राग असणं यांतलं अंतर मला तिथे दिसलं. नगर जिल्ह्यातल्या जत्रांना आम्ही जुन्या हिंदी गाण्यांचा कार्यक्रम करायचो. त्यात सी. रामचंद्र यांची गाणी असायचीच. ते याच जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे, जन्म १९१८ चा, आणि आमच्या लोकांना त्याचा अभिमान. ‘शहनाई’मधलं (१९४७) ‘आना मेरी जान’ आणि ‘आशा’मधलं (१९५७) ‘ईना मीना डीका’ यांत ते पाश्चात्त्य ठेक्यात मनसोक्त खेळतात, आणि ‘आझाद’मध्ये (१९५५) ‘राधा ना बोले’ बागेश्रीत बांधतात. एकाच माणसाच्या डोक्यात या दोन्ही गोष्टी सुखाने राहत होत्या. मोडवर विचार करणाऱ्या गिटारवाल्याने सी. रामचंद्र नीट ऐकावेत असं मला मनापासून वाटतं.

‘राधा ना बोले’च्या मधल्या म्युझिकमध्ये गिटारला जागा मिळाली होती. बागेश्री काफी थाटाचा, म्हणजे डोरियनचे स्वर. मी ते वाजवले. कार्यक्रमानंतर पेटी वाजवणारे मास्तर माझ्याजवळ येऊन बसले. ते गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांना मुलं बसवायचे, बोलणं मृदू.

“बाळ, स्वर सगळे बरोबर लागले तुझे. पण मधेच भीमपलासी का झाला?”

“मास्तर, भीमपलासीचे स्वर पण तेच ना?”

“तेच. म्हणून तर विचारतो. तू पंचमावर जाऊन बसलास. बागेश्री तिथे बसत नाही. पंचमाला नुसता हात लावून पुढे जातो. तू मध्यमावर ये, आणि येताना धैवताकडून ये.”

मग त्यांनी पेटीवर ‘ग म ध, नि ध, म’ एवढंच वाजवून दाखवलं आणि त्याच्या शेजारी ‘नि सा ग म प’ वाजवलं. दोन्हींत कोमल गंधार-निषाद. एकात रात्र, दुसऱ्यात दुपार. भीमपलासी चढताना रिषभ-धैवत टाळतो आणि उतरताना घेतो. बागेश्री धैवताला जवळ धरतो. सात स्वरांचं पोतं दोघांचं एकच आहे, पण कुठल्या स्वरावर विसावायचं, कुठल्याला चाटून जायचं, कुठून वर चढायचं, हे प्रत्येकाचं आपापलं आहे. त्या रात्रीपासून माझ्या सोलोमध्ये स्वर कमी झाले आणि थांबे वाढले. माझ्या वाजवण्यातला सर्वांत मोठा बदल कोणता असं विचारलं तर मी हाच सांगेन.

हे गिटारवर उतरवताना वाद्याच्या मर्यादेशी झगडावं लागतं. बागेश्रीत धैवतावरून मध्यमावर येणारी मींड चार फ्रेटची. बेंडने हे करायचं तर तार आधी चार फ्रेट ओढून मग सोडावी लागते, आणि साध्या गिटारवर एवढं ओढताना सूर हमखास ढळतो. म्हणून तिथे मी बोट तारेवरून घसरवतो. कोमल गंधारासाठी मात्र बेंडच हवा. रिषभाच्या फ्रेटवर बोट ठेवून तार अर्धा स्वर ओढली की गंधाराला थोडी थरथर देता येते, जी थेट गंधाराच्या फ्रेटवर सापडत नाही. ब्रिजभूषण काब्रा यांनी गिटार आडवी ठेवून तारेवर पोलादी दांडी फिरवत पूर्ण रागच वाजवला. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरचा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ (१९६७) ऐकला की फ्रेटने बांधलेल्या माणसाला नेमकं काय हवं असतं ते समजतं.

कॉर्ड बदलल्या की मोड बदलायचा का, हा प्रश्न विद्यार्थी सगळ्यात जास्त विचारतात. माझा अनुभव सांगतो. गाण्याचा षड्ज जोवर हलत नाही, तोवर नाही. ए मायनर, एफ, सी, जी अशा चार कॉर्ड फिरत असल्या तरी ऐकणाऱ्याचं घर ए हेच आहे. प्रत्येक कॉर्डला नवा मोड लावणारा मुलगा मनात गणित करत राहतो आणि त्याच्या सोलोला घर उरत नाही. षड्ज खरोखर हलतो तेव्हा गोष्ट वेगळी. माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’मधलं ‘सो व्हॉट’ ऐका. सोळा बार डी डोरियन, मग आठ बार सगळंच अर्ध्या स्वराने वर, ई फ्लॅट डोरियन, मग परत आठ बार डी. तिथे पायाच उचलून वर ठेवलाय. त्या आठ बारांत शिरताना मला अजूनही छातीत धडधडतं.

चर्चमधली शिकवण याच्या उलट दिशेने आली, साथीकडून. रेव्हरंड ना. वा. टिळक नगरला राहिले, त्यांची कितीतरी पदं आमच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात आहेत आणि ती देशी चालींवर गायली जातात. इंग्रजी वळणाच्या गीतांना जी, सी, डी या कॉर्ड चपखल बसतात. देशी चालीच्या पदाला त्याच कॉर्ड लावल्या की चाल अवघडते. पेटीवर एक मावशी बसायच्या. एका पदात गंधार कोमल आणि मी मेजर कॉर्ड लावली, तर त्यांनी वाजवता वाजवताच मान हलवली. उपासना झाल्यावर म्हणाल्या, “कॉर्डमधला गंधार काढून टाक रे बाळा. सा आणि प धर, बाकीचं गाणाऱ्यांना ठरवू दे.” पुढे त्यांनी मला वाजवण्याआधी गायला लावलं. षड्ज तारेवर, दुसरा स्वर गळ्यात. गळ्यातून जो स्वर नेमका निघत नाही तो सोलोतही नेमका लागत नाही, हे मावशींनी सिद्ध करून दाखवलं. माझा आवाज गाण्यालायक नाही, पण सराव मी आजही गाऊनच करतो.

आणखी एक तुकडा अरणगावला मिळाला. तिथे मेहेराबादमध्ये ३१ जानेवारीला मेहेरबाबांच्या अमरतिथीसाठी जगभरातून माणसं येतात, त्यांतले बरेच गिटार घेऊन. ‘द हू’ या रॉक बँडचे पीट टाउनशेंड मेहेरबाबांचे अनुयायी. त्यांच्या १९७१ च्या ‘बाबा ओ’रायली’ या गाण्याचं नाव मेहेरबाबा आणि संगीतकार टेरी रायली यांच्यावरून आलंय, आणि रायली हे किराना घराण्याच्या पंडित प्राणनाथांचे शिष्य. एका वर्षी तिथे भेटलेल्या परदेशी गिटारवाल्याने जाड तार एका स्वराने उतरवून डी केली होती. खालच्या तीन तारा डी, ए, डी, म्हणजे सा प सा. अंगठा त्यांच्यावर सतत चालू आणि बारीक तारांवर मिक्सोलिडियन. आम्हाला एकमेकांची भाषा धड येत नव्हती. मी ‘खमाज’ म्हटलं, त्याने मान डोलावून तेच वाजवलं. खोली बदलून मी तोवर डीपीपासून लांब गेलो होतो. त्या भेटीपासून हाच माझा तानपुरा आहे.

आता नागापूर-बोल्हेगाव भागातली कामगारांची मुलं संध्याकाळी माझ्याकडे शिकायला येतात. बहुतेकांना सातही मोडची नावं आणि नकाशे येतात. मी त्यांना खालच्या तीन तारा लावून देतो आणि एक मोड देतो, तो कंटाळा येईपर्यंत आणि कंटाळा संपेपर्यंत. घाई करणारे सोडून जातात. त्याचं दुःख होतं, पण पद्धत बदलावीशी वाटत नाही.

त्यांतली एक मुलगी, वडील तिचे आमच्याच एमआयडीसीत फिटर आहेत, सध्या मारवा मागतेय. “काका, यूट्यूबवर मारव्याचा मोड कुठला ते कोणीच सांगत नाही.” तो सात मोडमध्ये नाहीच. रिषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम वर्ज्य, म्हणून आमचा सा प सा लागतच नाही. ए ची तार बीपर्यंत चढवून तिथे शुद्ध धैवत लावून पाहिला. मारव्यातला कोमल रिषभ, शुद्ध गंधार आणि शुद्ध धैवत एकत्र वाजले की धैवतावरची सरळ मेजर कॉर्ड तयार होते, आणि ती ऐकताच कान षड्ज सोडून धैवतावर घर करतो. मग मारवा राहत नाही. तिने त्यावर उपाय म्हणून ते तीन स्वर कधीच एकत्र न छेडता एकापाठोपाठ, लांब अंतराने, वेगवेगळ्या तारांवर वाजवायला सुरुवात केलीय. धैवत अजून थोडा जड पडतो. पुढच्या आठवड्यात आम्ही बीपर्यंत चढवलेली ती तार परत उतरवून तिथे धैवताऐवजी निषाद लावून बघणार आहोत, आणि तार तुटू नये म्हणून निषाद खालच्या सप्तकातला घेणार आहोत.